दहा हजारात सहा जणांची हिल स्टेशन ट्रिप होते का? चिखलदरा की पचमढी?

कास्तकार_दारव्हा

नमस्कार मंडळी. गाव आमचं यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, थोडी शेती आहे अन सोबत झेरॉक्सचं लहानसं दुकान. घरात सहा जण आहोत, मी, बायको, आई ६८ ची, बाबा ७७ चे, पोरगी नववीत अन पोरगा नऊ वर्षाचा. दर उन्हाळ्यात पोट्टे मागं लागतात का बाबा कुठंतरी थंड जागी चला, अन दरवर्षी बी-बियाण्याचे पैसे काढता काढता ते राहूनच जाते. औंदा ठरवलं का पोळा झाला अन सोयाबीन काढणीला यायच्या आधी जी थोडी सवड भेटते त्यात जाऊन याचंच. महाबळेश्वर आपल्याकडून लय लांब पडते, पैसे अर्धे रस्त्यातच संपतील, म्हणून चिखलदरा नाहीतर पचमढी असा विचार चालू आहे. बजेट नऊ-दहा हजार, राहणं खाणं फिरणं सगळं धरून, त्याच्यावर होत नाही. चारचाकी नाही. बाबाचे गुडघे दुखतात, चार पायऱ्या चढले का बसा लागते. यूट्यूबवर पाहिलं तर सगळे आपापल्या कारनं जाऊन धबधब्यापुढं नाचून राहिले, एसटीनं कसं जाचं, उतराचं कुठं, तिथं फिराले काय भेटते हे कोणीच सांगत नाही. कोणी गेलं असल तर सांगा बापा.

परतवाडा_नाका

भाऊ, आधी तिकिटाचं गणित करू, कारण तुमचा निर्णय तिथंच होऊन जाते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून), म्हणजे आई, वहिनी अन पोरगी तिघींचं अर्धं. बाबा ७५ च्या वर आहेत त्यांचा प्रवास फुकट. पोरगा बाराच्या आत म्हणून त्याचं अर्धं. पूर्ण तिकीट फक्त तुमचं एकट्याचं! सहा जण अन तिकिटं तीनची. जानेवारी २०२५ मधे भाडं जवळपास १५ टक्क्यानं वाढलं तरी तुमच्या घराला ते फारसं लागणार नाही. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पचमढीला निघाले का बॉर्डरच्या पुढं आई-बाबाचंही पूर्ण तिकीट लागन.

आता रस्ता. दारव्ह्याहून अमरावती, तिथून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, अन परतवाड्याहून वर घाट. अमरावतीहून थेट चिखलदऱ्याच्या गाड्याही आहेत, पण थेट गाडीसाठी स्टँडवर दोन-दोन तास बसून राहू नका, परतवाड्याची जी येईल ती पकडा, इथून पुढची सोय होते. सकाळी घरून लवकर निघा म्हणजे अंधाराच्या आत वर पोहोचान. (आपली शकुंतला रेल्वे चालू असती तर दारव्ह्याला बसून मुर्तिजापूरला गाडी बदलून अचलपूरला आरामात उतरले असते, पण ते आता बोलून काय फायदा.)

खोलीचं सांगतो. शनिवार-रविवार चुकूनही येऊ नका. पावसाळ्यात त्या दोन दिवशी अर्धं विदर्भ वर चढते, घाटात गाड्यांची रांग लागते, पोलीस एकेरी वाहतूक करतात अन लॉजवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. तेच मंगळवार-बुधवारी तोच माणूस ‘या साहेब चहा घ्या’ म्हणते. तुमच्यासारख्यायनं पितृपक्षात येणं सगळ्यात चांगलं, तेव्हा लोकं बाहेर पडत नाहीत. दोन रूम घ्याच्या भानगडीत पडू नका, एक मोठी फॅमिली रूम अन दोन जादा गाद्या मागा. बाबासाठी खालच्या मजल्यावरचीच मागा, अन संडास इंग्लिश आहे का हे आत जाऊन स्वतः पाहा, फोनवर सगळेच ‘हो’ म्हणतात.

छिंदवाडा_लाईन

मी सौंसरचा, म्हणजे एमपीतला पण घरात मराठीच. पचमढीची बाजू कोणीतरी घ्याले पाहिजे म्हणून लिहितो. चिखलदरा १,११८ मीटर, पचमढीही त्याच्याच जवळपास, पण पचमढीतला धूपगड १,३५२ मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक. जटाशंकर, पांडव गुंफा, बी फॉल, अप्सरा विहार, बघाले दोन-तीन दिवस कमी पडतात. तुमचे बाबा जवानीत पचमढीच्या महादेवाच्या यात्रेले गेले असतील तर त्यांना वाटेतल्या भुराभगतचं अन महादेवाच्या चौरागड डोंगराचं विचारा, खांद्यावर त्रिशूल घेऊन वर जाणारे आपल्या वऱ्हाडातलेच लोक जास्त. नागपंचमीची नागद्वारची यात्राही पोळ्याच्या आत संपलेली राहते, म्हणजे तेव्हा गर्दी नाही.

पण खरं सांगायचं तर दहा हजारात सहा जणांना पचमढी ओढाताण होईल. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा अडीचशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, अन तुम्हाले आधी नागपूर गाठा लागेल, म्हणजे जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस. तिथं गेल्यावर धूपगडसारख्या ठिकाणी आपली गाडी चालत नाही, जिप्सीच (भाड्याची उघडी जीप) करा लागते, तिचे पैसे वेगळे, परमिट वेगळं. बी फॉलला खाली उतराच्या पायऱ्या आहेत, चौरागडला तर हजाराच्या वर. गुडघेवाल्या माणसानं तिथं जाऊन वाहनतळावर बसून राहाचं हे काही बरोबर नाही.

मधलं एक ठिकाण सुचवतो, तामिया. छिंदवाड्याहून पचमढीच्या रस्त्यावर लहानसं गाव, बाजार पाच मिनिटात संपते. सरकारी रेस्ट हाऊसच्या मागं उभं राहिलं का समोर सगळी दरी अन एकामागं एक डोंगर, त्यासाठी एक पायरी चढा लागत नाही. जवळच पातालकोट, दरीच्या पोटात भारिया आदिवासींची गावं. पण पातालकोटपर्यंत जायला गाडी ठरवा लागते, बसच्या भरवशावर नाही जमत. म्हणून तामिया मी दोघा-तिघांना सांगीन, सहा जणांच्या घराला नाही.

आर्वीची_लेक

पुरुष मंडळी पॉइंट अन उंची सांगून राहिले, मी कामाचं सांगते. घाटात लेकरांना उलट्या होतातच, त्याचं आधी पाहा. परतवाड्याच्या स्टँडवर वडापाव, समोसा काहीही खाऊ घालू नका, मुलं कितीही रडली तरी. सोबत लिंबू ठेवा, अन मधल्या सीटवर बसवा, मागच्या चाकाच्या मागं अजिबात नको. आम्ही गेलो तेव्हा मागच्या बाईच्या पोरानं घाटातल्या घटांगच्या वळणावर सगळा पोहा माझ्या जाऊबाईच्या नव्या साडीवर काढला, तिनं पूर्ण ट्रिपभर ते लावून धरलं. एक-दोन रिकाम्या पिशव्या हातातच ठेवा, बॅगेच्या तळाशी ठेवल्या तर वेळेवर सापडत नाहीत.

खाण्यावर पैसे वाचवायचे असतील तर घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा न्या, दोन दिवस काही होत नाही. मग एकच वेळ बाहेर जेवायचं. चहा मात्र तिथलाच प्या, थंडीत हाताला कप गरम लागतो ना त्याचेच अर्धे पैसे वसूल. रबडी आणि खवा घ्यायचा विसरू नका, वर म्हशी पाळणारी गवळ्यांची घरं आहेत, माल ताजा असतो. भाव सुरुवातीलाच विचारा, वाटी भरल्यावर नाही.

स्वेटर लागतात, सप्टेंबरातही, गावाकडं घाम निघत असला तरी. छत्रीचा उपयोग नाही, वारा उलटी करतो, साधे प्लास्टिकचे रेनकोट घ्या. ओले कपडे तिथं वाळत नाहीत, एक जास्तीचा जोड ठेवा नाहीतर लेकरं परत येताना शिंकत येतील. आणि सासऱ्यांचं आधार कार्ड ओरिजनल सोबत ठेवा, झेरॉक्सचं दुकान आहे म्हणून झेरॉक्स नेऊ नका, कंडक्टरनं ऐकलं नाही तर फुकटचा वाद.

अकोटकर

चिखलदऱ्यात आहे काय सांगा? धुकं अन भुट्टे. पॉइंटवर जाऊन उभं राहिलं का समोर पांढरा पडदा, फोटोत फक्त आपणच. त्याच्यापेक्षा आमच्या शहानूरकडून नरनाळा किल्ला पाहा, महाकाली दरवाजाचं कोरीव काम पाहून मान दुखते. हॉटेलचे पैसेही नाही लागत, अकोटात राहा.

परतवाडा_नाका

अकोटकर भाऊ, नरनाळा भारी आहे, कोण नाही म्हणते. पण प्रश्न वाचा ना, ७७ वर्षाचा माणूस, गुडघे गेलेले, त्यांना किल्ल्यावर फिरवता का? अन भाऊंनी थंड हवा मागितली, अकोटात सप्टेंबरात काय होते ते तुम्हाले माहीत आहे.

धुक्याचं मात्र खरं बोलले. म्हणूनच एका दिवसात जाऊन येऊ नका म्हणतो मी. सकाळी सगळं गच्च असते, मग दहा-अकराच्या सुमाराला वारा सुटते अन पडदा फाटल्यासारखी दरी उघडते, पाच मिनिटात परत बंद. एक रात्र मुक्काम असला तर संध्याकाळ अन दुसरी सकाळ असे दोन चान्स भेटतात. दिवसभराच्या लोकांना एकच, अन तो बहुतेक जाते.

बाबासाठी सांगतो, सगळे पॉइंट करायचेच असं काही नाही. ते एकमेकांपासून दूर आहेत, पायी होत नाही, म्हणून एक जीप किंवा ऑटो अर्ध्या दिवसासाठी बोलून टाका. बोलतानाच पॉइंटची नावं घेऊन भाव ठरवा, नाहीतर अर्ध्यात ‘तो पॉइंट यात नाही’ चालू होते. भीमकुंड पाहाच, पावसानंतर पाणी जोरात राहते. कीचकाला मारून भीमानं हात धुतले ती जागा, कीचकदरा म्हणूनच चिखलदरा नाव पडलं म्हणतात, बाबा लोकांना ही गोष्ट पाठ असते, पोट्ट्यायला त्यांनाच सांगू द्या. देवी पॉइंटला मंदिर खाली आहे, पायऱ्या आहेत, बाबा वर चहाच्या टपरीवर बसतील. शक्कर तलावाजवळ नुसतं बसायलाही चांगलं आहे. गाविलगडला लेकरांना घेऊन तुम्ही एकटे जा, शार्दूल दरवाजापर्यंत तरी. डिसेंबर १८०३ मधे इंग्रज सेनापती वेलस्लीनं हा किल्ला मराठ्यायकडून घेतला, पोरगी नववीत आहे, इतिहासाच्या बाईंना सांगाले होईल.

पैसे असे धरा. येणं-जाणं एसटी, तीन तिकिटं. एक रात्र खोली, तिला अडीच-तीन हजाराच्या वर जाऊ नका. जीप. एक वेळचं जेवण. उरलेले खिशात ठेवा, अन रोख ठेवा. वर रेंजचा भरवसा नाही, क्यूआर कोड लावलेला दिसते पण पैसे गोल गोल फिरत राहतात अन दुकानदार आपल्या तोंडाकडं पाहते.

कास्तकार_दारव्हा

सगळ्यायचे लय आभार. तिकिटाचं ते गणित मी बायकोले वाचून दाखवलं तर ती म्हणते मग घरात फुल तिकीट तुम्ही एकटेच, तुम्हीच राहा घरी. चिखलदरा पक्कं, पितृपक्षात मंगळवारी जाऊन बुधवारी परत. बाबाले भुराभगतचं विचारलं तर एक तास थांबलेच नाहीत, पायी गेल्याचं सांगत होते, त्यायले आता पचमढीच पाहिजे! समजावलं का पुढल्या वर्षी पाहू. शाळा दोन दिवस बुडन, सरांना सांगतो. एक विचाराचं राहिलं, खोली आधी फोनवर बुक करावं का तिथं जाऊन पाहावं?

आर्वीची_लेक

मधल्या वारी तिथं जाऊनच पाहा. तुम्ही चहाच्या टपरीवर सामान अन मंडळी बसवा आणि वहिनींना पुढं पाठवा, बाई खोली पाहून नाक मुरडते तेव्हा भाव आपोआप खाली येतो.

परतवाडा_नाका

बरोबर. फक्त मधे एखादी सलग सुट्टी आली का कॅलेंडर पाहा, तेव्हा फोन करून ठेवा. एमटीडीसीचं (सरकारी पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्टही आहे मोझरी पॉइंटकडं, पण तुमच्या बजेटला ते थोडं वर जाईल. परतीची गाडी वर पोहोचल्याबरोबर स्टँडवर विचारून ठेवा, वेळ पाऊस पाहून मागंपुढं होते.

तिवसा_एक्सप्रेस

मधेच घुसतो. आम्ही चार मित्र दोन मोटरसायकलनं जाणार आहोत, रात्री दहाला तिवशाहून निघून पहाटे वर पोहोचाचा विचार आहे. चालन का?

परतवाडा_नाका

नाही चालत. मेळघाट हे, जंगलाचे नाके आहेत, अन रस्ता खुला असला तरी रात्री धुक्यात घाट चढू नका. परतवाड्यात रात्री थांबा, टाकी इथंच फुल करा, उजाडल्यावर धामणगाव गढीकडून चढा. डिसेंबरात येत असान तर २० तारखेपासून परतवाड्याजवळ बहिरमची यात्रा भरते, येताना हंडीतलं मटण अन रोडगे खाऊन या, मग चिखलदरा नाही पाहिलं तरी चालते.