डेटा इंजिनिअरच्या मुलाखतीत उत्तरानंतर काय विचारले गेले? आपापले अनुभव लिहावेत

डेटा इंजिनिअर (कंपनीचा डेटा गोळा करून वापरण्याजोगा करणारा) या पदासाठी मी आतापर्यंत सात मुलाखती दिल्या आणि त्यांपैकी सहा ठिकाणी मला नकार मिळाला. तयारीसाठीचे प्रश्नसंच मी मन लावून सोडवले होते. पण त्यांत प्रश्न आणि उत्तर एवढेच असते, उत्तर दिल्यानंतर मुलाखतकार कोणता उपप्रश्न विचारतो हे नसते, आणि मी प्रत्येक वेळी अडलो तो त्या उपप्रश्नावरच. म्हणून ज्यांनी अशा मुलाखती दिल्या आहेत त्यांना विनंती आहे, की कंपनीचे नाव न घेता प्रश्न, आपले उत्तर आणि त्यापुढचे संभाषण लिहावे. सुरुवात मी करतो.

एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेच्या, फेरीत प्रत्येक विभागातील तिसऱ्या क्रमांकाचा पगार काढायला सांगितला होता. मी ‘रो नंबर’ (प्रत्येक ओळीला वेगळा क्रमांक देणारे फंक्शन) वापरून क्वेरी, म्हणजे माहिती काढण्याची आज्ञा, लिहिली. मुलाखतकारांनी शांतपणे विचारले, “पहिल्या दोघांचा पगार सारखाच असेल तर?” अशा वेळी ‘रँक’ 1, 1, 3 असे क्रमांक देते आणि ‘डेन्स रँक’ 1, 1, 2 असे देते, हे मला पाठ होते, परंतु तिसरी व्यक्ती हवी आहे की तिसरी रक्कम, हे क्वेरी लिहिण्यापूर्वी विचारायला हवे होते, ते मी विचारले नाही.

*

मी रिपोर्ट तयार करण्याच्या कामातून या क्षेत्रात आले. मला एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधायचे होते आणि मी ‘नॉट इन’ (दिलेल्या यादीत नसलेले निवडणारी अट) वापरले. ऑर्डरच्या टेबलात ग्राहक क्रमांकाच्या स्तंभात एक जरी नल (रिकामे मूल्य) असला तरी ती क्वेरी एकही ओळ परत देत नाही, हे मला त्या दिवशी, त्या खोलीत कळले. ‘नॉट एक्झिस्ट्स’ (जुळणारी ओळ नाही हे तपासणारी अट) वापरले असते तर हा प्रश्नच आला नसता. त्याच मुलाखतीत ‘लेफ्ट जॉइन’ (डाव्या टेबलातील सर्व ओळी ठेवणारी जोडणी) करून उजव्या टेबलावरची अट मी ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या भागात, लिहिली, म्हणजे जोडी न मिळालेल्या ओळी पुन्हा गाळल्या. दोन्ही चुका अगदी साध्या होत्या आणि दोन्हींमुळे रोजच्या कामात चुकीचे आकडे निघाले असते, म्हणून तो नकार मला योग्यच वाटतो.

*

स्पार्क या, मोठा डेटा अनेक यंत्रांवर वाटून हाताळणाऱ्या साधनावरील फेरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या पाहण्यात बहुतेक उमेदवार तिथेच अडखळतात. प्रश्न असा होता : रोज वीस मिनिटांत संपणारे काम आज दोन तास झाले तरी संपत नाही, तर तुम्ही काय कराल? मी लगेच मेमरी वाढवण्याचा उपाय सांगितला. “आधी काय पाहाल?” असे त्यांनी विचारल्यावर मी भानावर आलो. मुलाखतकारांनी मग पुढचे चित्र सांगितले : 200 पैकी 199 टास्क (कामाचे तुकडे) संपले आहेत आणि एकच अडकला आहे. 200 हा आकडा शफलनंतरच्या (डेटा यंत्रांमध्ये पुन्हा वाटल्यानंतरच्या) पार्टिशनचा, म्हणजे डेटाच्या भागांचा, स्पार्कमधील मूळचा आकडा आहे, आणि एकच टास्क मागे राहणे ही डेटा एकाच की-भोवती (ज्या मूल्यावर टेबले जोडतात त्याभोवती) गोळा झाल्याची, म्हणजे स्क्यूची खूण आहे. हे ओळखल्यावर मी दोन उपाय सांगितले. जोडायचे टेबल लहान असेल तर ब्रॉडकास्ट जॉइन करावा, म्हणजे ते प्रत्येक यंत्रावर पाठवून जोडावे. त्यासाठीची स्वयंचलित मर्यादा मुळात 10 एमबी असते. टेबल मोठे असेल तर की-ला यादृच्छिक अंक जोडून, म्हणजे सॉल्टिंग करून, भार वाटावा. यावरचा उपप्रश्न मला फार आवडला : “मग दुसऱ्या टेबलाचे काय?” त्या टेबलातील ओळींची प्रत्येक संभाव्य अंकासाठी एकेक प्रत करावी लागते, नाहीतर जुळणीच होत नाही. मला हे सुचायला दोन मिनिटे लागली आणि तेवढा वेळ ते काही न बोलता थांबले. त्या थांबण्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. स्पार्क 3.2 पासून ॲडाप्टिव्ह क्वेरी एक्झिक्युशन (काम चालू असताना त्याची योजना बदलण्याची सोय) मुळातच सुरू असते आणि काही प्रकारचा स्क्यू ते स्वतः हाताळते, हे सांगितलेत तर चांगलेच. पण ते कारण शोधण्याच्या जागी सांगू नये.

*

रचनेच्या फेरीत मी काफ्का (संदेश वाहून नेणारे साधन), स्पार्क, एअरफ्लो (कामे ठरल्या वेळी चालवणारे साधन) असे चौकोन काढून बाण जोडले. मुलाखतकार बाईंनी एकच विचारले : “कालचे काम अर्धवट पडले आणि पुन्हा चालवले, तर बेरीज दुप्पट होईल का?” माझ्या रचनेत ती झाली असती. त्या दिवसाचे पार्टिशन पूर्ण बदलून लिहावे आणि तारीख घड्याळातून न घेता ज्या दिवसासाठी काम चालले आहे ती घ्यावी, हे उत्तर मी त्यांच्याच मदतीने गाठले. काफ्कामध्ये संदेशांचा क्रम एका पार्टिशनपुरताच राखला जातो, हेही त्यांनी ग्राहकाच्या पत्ताबदलाचे उदाहरण देऊन माझ्याकडून काढून घेतले. निवड झाली नाही, तरी चौकोन काढण्यापूर्वी डेटा किती येतो, किती उशिरा येतो आणि तो कोण वाचणार आहे, हे मी तेव्हापासून विचारतो.

*

मला घरी करण्यासाठी दिलेले काम चार तासांचे म्हणून सांगितले होते, प्रत्यक्षात सुटीचे दोन्ही दिवस गेले आणि नंतर साधे उत्तरही आले नाही. उमेदवाराचा वेळ घेतल्यावर दोन ओळींचा अभिप्राय देणे हे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या ठिकाणी मी सुरुवातीलाच विचारले, की या कामावर चर्चा कोण करणार आणि केव्हा. त्यांनी दिवस सांगितला आणि तो पाळला. शेवटी मी विचारले, “रात्री पाइपलाइन (डेटा आणण्याची व्यवस्था) बंद पडली तर फोन कोणाला जातो?” ते म्हणाले, “सध्या एकाच व्यक्तीला, आणि तिच्याच जागी आम्ही माणूस शोधत आहोत.” हे स्पष्ट सांगितल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले आणि दोन दिवसांनी नम्रपणे नकार कळवला.