पॉइंटर, स्पॅनियल की लॅब्रॅडॉर? फोंड्याच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-२०४ (दादा): नमस्कार सगळ्यांना. कुत्रा आणायचं जवळपास ठरलंय. मुलगी दोन वर्षं मागे लागलीये, आता आठ वर्षांची झाली. माझ्या मनात पॉइंटर आहे. पोर्तुगीज अमदानीत सत्तरी तालुक्यात आमच्या आजोबांकडे शिकारीचा कुत्रा होता, त्याला ते 'पेर्दिगेरु' म्हणायचे. आजी सांगायची, गवतात पक्ष्याचा वास लागला की तो एक पाय उचलून दगडासारखा थांबायचा. लहानपणापासून ते चित्र डोक्यात बसलंय. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर तसाच दिसतो. घरी आई, आम्ही दोघं नोकरीवाले आणि मुलगी. फ्लॅट दोन बेडरूमचा. ज्यांनी कुत्री पाळलीत त्यांनी मोकळेपणाने सांगा.

ए-१०३ (मावशी): अरे वा! आमच्या लॅब्रॅडॉरला सोबत मिळेल. पण पॉइंटर फ्लॅटमध्ये? काकांना विचार, ते या विषयातले.

डी-३०१: गोव्यात शिकारीला बंदी आहे ना? मग शिकारी कुत्रा कशाला?

सी-२०४ (दादा): शिकार करायचीच नाही हो. फक्त ती जात आवडते.

बी-१०१ (काका): दादा, पेर्दिगेरु हा शब्द वाचून बरं वाटलं. पोर्तुगीजमध्ये 'पेर्दिझ' म्हणजे तित्तिर, त्याचा माग काढणारा तो पेर्दिगेरु. पशुसंवर्धन खात्यात नोकरी झाली माझी, हजारो कुत्री हाताखालून गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कुठलीही जात बघताना 'मुलांशी चांगला आहे का' हा प्रश्न मी आधी विचारत नाही. मी बघतो, शिकारीत हा कुत्रा माणसापासून किती लांब असायचा. पक्ष्यांमागच्या कुत्र्यांचं सगळं त्यातून कळतं.

पॉइंटर आणि सेटर लांब पळायचे. शिकारी मागे चालतोय आणि कुत्रा पुढे माळभर हवेतला वास घेत आडवातिडवा धावतोय. पक्षी सापडला की जागच्या जागी थिजायचं आणि माणूस येईपर्यंत हलायचं नाही. या कामासाठी पिढ्यान् पिढ्या निवडलेलं शरीर आहे ते, दिवसभर धावूनही दमत नाही. आणि लांब असताना निर्णय स्वतः घ्यायची सवय रक्तात. तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सहाला परतणार. त्या दहा तासांत ते शरीर काय करेल? सोफा फाडेल, दार ओरबाडेल, नाहीतर आईंच्या मागे मागे फिरून त्यांना बेजार करेल. त्यात कुत्र्याचा दोष काहीच नाही.

स्पॅनियल बंदुकीच्या टप्प्यात राहायचा. झुडपात घुसून पक्षी उठवायचा, पण वीस-पंचवीस मीटरच्या पुढे गेला तर उठवलेला पक्षी वाया. त्यामुळे दर मिनिटाला मागे वळून माणसाकडे बघायची त्याला सवय. कॉकर हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून पडलं.

आणि रिट्रीव्हर, म्हणजे लॅब्रॅडॉर नि गोल्डन, हे तर शिकाऱ्याच्या पायाशी बसून राहायचे. पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवायचं, सांगितल्यावर जायचं आणि पिसाला दात न लावता तोंडात धरून आणायचं. वाट बघणं हेच त्यांचं अर्धं काम. दहा तास एकटं राहणं त्यांनाही आवडत नाही, पण घरात आई आहेत, आणि माणसाजवळ शांत बसणं या कुत्र्याला शिकवायला सोपं जातं.

सी-२०४ (दादा): काका, असा विचार मी केलाच नव्हता. आजोबांच्या कुत्र्याला अख्खं रान होतं.

ए-२०२: लॅब्रॅडॉर थंड देशातला. एप्रिल-मेमध्ये त्याचे हाल बघवत नाहीत.

ए-१०३ (मावशी): खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फाळ पाण्यात उतरून जाळी ओढायचे, अंगावर दुहेरी केस. आमच्याकडे अकरा वर्षं आहे. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतरच फिरवते. दुपारी तो मोरीतल्या फरशीवर पसरतो. पहिल्या वर्षी मला कळत नव्हतं, सकाळी साडेनऊला बाहेर नेला तर रस्त्यातच बसला. जीभ जांभळट झाली होती. ओल्या टॉवेलात गुंडाळून रिक्षातून घरी आणला. तो दिवस मी विसरलेली नाही.

बी-१०१ (काका): मावशींनी सांगितलेलं नीट लक्षात ठेवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून तोंडातली ओल उडवतो आणि त्यातून गार होतो. आपल्याकडे हवाच दमट, ओल लवकर उडत नाही. म्हणून पुण्यात जेवढं ऊन चालून जातं, तेवढं फोंड्यात चालत नाही. हे पॉइंटरलाही लागू. त्याचे केस आखूड, पण धावणं जास्त.

लॅब्रॅडॉरचं आणखी एक. हा कुत्रा सदा भुकेला असतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये 'पोट भरलं' हा निरोप नीट न पोचवणारा जनुकबदल सापडला. त्यामुळे आजीच्या हातची पोळी, नातीच्या ताटातला भात हे पहिल्या दिवसापासून बंद. वजन वाढलं की कंबरेच्या सांध्यावर येतं, आणि त्या सांध्याचा त्रास या जातीत मुळातच आहे.

सी-२०४ (दादा): आईचीच काळजी आहे मला. वय एक्काहत्तर, गुडघे दुखतात. तीस किलोचा कुत्रा अंगावर आला तर?

सी-२०४ (वहिनी): मी पण इथेच आहे. आई म्हणतात, देवघरात येणार नाही एवढं बघा, बाकी मी सांभाळीन. पण मला स्वतःला लहान कुत्रा बरा वाटतो. कॉकर कसा?

बी-१०१ (काका): वहिनी, चांगला विचार आहे. इंग्लिश कॉकर तेरा-चौदा किलोचा, आईंना ओढून पाडणार नाही. पण दोन गोष्टी. त्याचे कान लांब, लोंबते, आतून केसाळ. पावसाळ्यातले चार महिने त्या कानात ओल धरते आणि मग पू, वास, खाज. आठवड्यातून दोनदा कान उचलून कोरडे करायचे, अंघोळीनंतर तर हमखास. माझ्याकडे आलेल्या कॉकरांपैकी बहुतेक सगळे कानासाठीच आले. दुसरं म्हणजे केस विंचरणं रोजचं. मुलीवर सोपवाल, पण ती आठ वर्षांची आहे, दोन महिन्यांनी ते काम तुमच्याकडेच येईल.

डी-३०१: मी एक सुचवू का? मार्केटजवळ गावठी पिल्लं आहेत. या हवेला सरावलेली, कानही उभे. विकत का घ्यायचं?

सी-२०४ (दादा): तुमचं म्हणणं पटतं. घरी तेही बोलणं झालंय. पण अजून मन त्या आजोबांच्या कुत्र्यातच अडकलंय.

बी-१०१ (काका): डी-३०१, तुमची सूचना सोडू नका, मलाही ती मनापासून पटते. आणि दादा, विकतच घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कोणी देत असेल तर नको म्हणा. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे तसं विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. पिल्लाची आई स्वतः डोळ्यांनी बघा. ती माणसाला बघून कोपऱ्यात जात असेल तर परत या.

बी-३०३ (सेक्रेटरी): सोसायटीची हरकत नाही. लिफ्टमध्ये पट्टा हवा, घाण ज्याची त्याने उचलायची. पण एक विनंती मी पक्षीप्रेमी म्हणून करतो. फर्मागुडीच्या सड्यावर टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात, नुसते चार खडे आणि मध्ये अंडी. मोरही फिरतात. पक्ष्यांचा वास घेणाऱ्या जातीचा कुत्रा तिथे मोकळा सोडू नका. त्याला वास लागला तर तो तुमची हाक ऐकणार नाही. मोराला इजा झाली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे.

बी-१०१ (काका): अगदी बरोबर. त्याची वासाची भूक घरातच भागवता येते. टॉवेलच्या घडीत खाऊ लपवा, पार्किंगमध्ये कापडी गुंडाळी फेकून आणायला लावा. थोडा वेळ नाक वापरलं तरी चांगला दमतो. मुलीसाठीही छान खेळ आहे.

ए-२०२: पोहायला न्यायचा का? लॅब्रॅडॉरला पाणी आवडतं म्हणे.

बी-३०३ (सेक्रेटरी): कुंभारजुव्याच्या कालव्याकडे अजिबात नको, तिथे मगरी आहेत. मानशीजवळच्या, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या दाराजवळच्या पाण्यातही नको.

ए-१०३ (मावशी): आणि पावसात साचलेल्या पाण्यात तर नकोच. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. लस घेतलेली असली तरी जपायचं. गोचीड रोज तपासायची, कानामागे, बोटांच्या फटीत. आमच्याला चौथ्या वर्षी टिक फिवर झाला होता, सात दिवस काही खाल्लं नाही.

सी-२०४ (वहिनी): मावशी, ऐकून थोडी भीती वाटली. पण बरं झालं सांगितलंत.

सी-२०४ (दादा): दुपारी आम्ही चौघं बसून बोललो. पॉइंटर नको, हे मी कबूल केलं. तो सांभाळायला माझ्यापाशी वेळ नाही, आणि त्याच्यावर अन्याय करून आजोबांची आठवण जपायची नाही. आता लॅब्रॅडॉर की कॉकर की डी-३०१ म्हणतात तसं गावठी, एवढंच उरलंय. आई म्हणाली, पाऊस जाऊ दे, पिल्लू शी-शूला दिवसातून आठ वेळा खाली न्यावं लागतं. मलाही पटलं. चतुर्थीनंतर बघू.

बी-१०१ (काका): आईंनी लाखातलं सांगितलं.

ए-१०३ (मावशी): दादा, एक मनात आलंय. माझे हे महिनाभर मुंबईला चाललेत आणि माझ्या खांद्याला त्रास आहे. तोवर आमचा कुत्रा तुम्हीच फिरवाल का? म्हातारा आहे, ओढत नाही. मुलीलाही आणा. आईंना संध्याकाळी घरी बसून त्याचे केस विंचरून बघू दे. महिनाभर रोज जमलं तर मग पिल्लाचं ठरवा.

सी-२०४ (दादा): मावशी, आनंदाने. कधीपासून?

ए-१०३ (मावशी): उद्यापासूनच. पावणेसहाला खाली येते, पट्टा आणि पिशवी माझ्याकडे आहे. मुलीला पायात बूट घालायला सांगा, गेटबाहेर चिखल आहे.

सी-२०४ (वहिनी): तिने आत्ताच गजर लावला.