बिल अडकलं तेव्हा मजुरांचे पैसे कसे भागवले? आपापले अनुभव लिहा

तापीकाठ
आज कपाट आवरताना सोनं तारण ठेवल्याची जुनी पावती सापडली. मार्च २०१९. चोपड्याकडच्या एका गावात काँक्रीट गटारीचं काम होतं. जानेवारीत काम संपलं, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) लिहून झाली, बिल मात्र "निधी आला की काढू" वर थांबलेलं. मजूर नंदुरबारच्या धडगावकडचे, पावरा आदिवासी. होळी २० मार्चला, त्याआधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे त्यांचा होळीच्या खरेदीचा बाजार. होळीला ते गावी जाणार म्हणजे जाणारच, हिशेब तेव्हाच चुकता व्हायला हवा. मुकादम भांडला नाही. पाण्याच्या टाकीजवळ बोचकी बांधून, पोरंबाळं घेऊन नुसता बसून राहिला. घरी आलो. मी तोंड उघडायच्या आत बायकोनं पाटल्या काढून समोर ठेवल्या.

बिल एप्रिलमध्ये जमा झालं, पण त्यातून आधी सिमेंटवाला, खडीवाला. पाटल्या सुटायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून मजुरीचे पूर्ण पैसे बाजूला असल्याशिवाय काम धरत नाही.

पांझरा_धुळे
वहिनींना नमस्कार सांगा दादा.
मला जीएसटीनं रडवलं. खाजगी शेडचं काम, ४ लाखांवर १८ टक्के म्हणजे ७२ हजार. बिल फाडलं की टॅक्स भरायचा, पार्टीनं पैसे दिले नसले तरी. आता वर्कऑर्डरमध्येच टप्पे लिहून घेतो, पाया, कॉलम, पत्रा. टप्पा झाला की तेवढंच बिल. टॅक्सचं खातंही वेगळं.

केळीपट्टा
खडीवाल्याचा फोन वाजला की अजून पोटात गोळा येतो भो.

चटई_जॉबवर्क
उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली का कोणी? २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. मी केली नाही, पार्टी तुटेल या भीतीनं. पण इन्कम टॅक्सचा नियम आल्यापासून (मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत न दिलेली रक्कम पार्टीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही) मार्चमध्ये फोन त्यांचाच येतो.

पांझरा_धुळे
जॉबवर्कला ठीक. बांधकामाच्या ठेक्याला तो कायदा लागत नाही असे हायकोर्टाचे निकाल आहेत, आमच्या वकिलांनी आधीच सांगितलं. त्या भरवशावर राहू नका.

आखाजी
हे सेंट्रिंगचे ठेके घेतात. एका आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही नणंदा माहेरी आलेल्या आणि घरात साडीचोळीला पैसे नाहीत. सासूबाईंनी डाळ-तांदूळ बांधून दिलं, नणंदांनी हसून घेतलं. तो दिवस मी विसरणार नाही. मोबाईलवर लिहितेय, चुका असतील. भाकरी तव्यावर आहे, नंतर लिहिते

सातपुडा७
तापीकाठ दादा, सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पाहिली का?

तापीकाठ
पाहिली ना, त्याच मुकादमानं नेलं. रात्रभर ढोल, पहाटे होळी पेटते. अजून माझ्याकडेच असतो तो.

केळीपट्टा
माझी अनामत अडकलीय, देखभालीची मुदत संपूनही. अर्ज कुणाकडे द्यायचा?

तापीकाठ
उपअभियंत्याकडे द्या, काम पूर्णत्वाचा दाखला जोडून. पोच घेतल्याशिवाय उठू नका. संध्याकाळी फोन करा, माझा जुना अर्ज पाठवतो.