माइनक्राफ्टमधील गोठ्याला छप्पर असावे की नुसते कुंपण पुरे?

कडबापेंढी (धागाकर्ती)

आम्ही सात जण एका सामाईक सर्व्हरवर माइनक्राफ्टची जावा आवृत्ती सर्व्हायव्हल पद्धतीने (सामान स्वतः जमवत, जीव वाचवत) खेळतो. गेल्या महिन्यात मी तिथे 27 ठोकळे लांब आणि 15 ठोकळे रुंद असा गोठा बांधला. दगडी पाया, ओकच्या फळ्यांची जमीन, स्प्रूसच्या पायऱ्यांचे दोन्ही बाजूंना उतरते छप्पर, मधून ये-जा करण्यासाठी वाट आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांना गाई, मेंढ्या, डुकरे व कोंबड्या यांचे वेगळे कप्पे, अशी त्याची रचना आहे. बांधकाम पूर्ण होताच एका सहखेळाडूने सुनावले की, कुंपणाच्या एका फेऱ्यात जे काम झाले असते, त्यासाठी मी अर्धे जंगल उजाड केले. त्याचे म्हणणे मला पटलेले नाही, म्हणून हा विषय इथे मांडत आहे.

गोठा बांधण्याआधी आमच्या मेंढ्या उघड्यावरच कुंपणात होत्या. एका रात्री मी लोकर कातरत असताना क्रीपर (खेळाडूजवळ येऊन स्फोट करणारा शत्रू जीव) कुंपणाला खेटून फुटला, कुंपणाला खिंडार पडले आणि सकाळपर्यंत नऊ मेंढ्या रानोमाळ झाल्या. त्या एकेक करून गव्हाचे आमिष दाखवत परत आणण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली. भिंती आणि छप्पर असते तर क्रीपरला मी दिसलेच नसते. दुसरे कारण डुकरांचे. वादळात वीज जवळ पडली की डुकराचा झोम्बिफाइड पिगलिन (झोम्बीसारखा डुक्करमाणूस) होतो, आणि छपराखालच्या डुकराला ती भीती कमी राहते. तिसरे कारण मधल्या वाटेचे आहे. कप्प्याचे फाटक उघडताना एखादी गाय निसटली, तरी ती वाटेवरच अडकते, कारण बाहेरचे दार बंद असते.

एक अडचण मात्र मान्य करते. नव्या गोठ्यात आल्यापासून कातरलेल्या मेंढ्यांना पुन्हा लोकर येत नाही. आत अंधार असल्यामुळे असे होत असावे, असा माझा अंदाज आहे.

उघडे_माळरान

आपण कष्ट घेतले आहेत, त्याबद्दल आदर आहे. पण हे छप्पर कोणासाठी आहे, हा प्रश्न उरतोच. या खेळातल्या गाईला पाऊस लागत नाही, ऊन बाधत नाही, आणि रात्री झोम्बी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण त्याला खेळाडू आणि गावकरी हवे असतात. ज्या संकटांपासून छप्पर वाचवते ती संकटे इथल्या जनावरांवर येतच नाहीत.

उलट छपरामुळे एक नवे संकट ओढवते. 1.18 आवृत्तीपासून शत्रू जीव केवळ टॉर्च-कंदिलाचा प्रकाश शून्य असलेल्या जागी जन्म घेतात. गोठ्याच्या आत आपण टॉर्च लावतो, पण छपराच्या वर किती जण लावतात? सपाट छप्पर म्हणजे रात्रीच्या वेळी क्रीपरांसाठी बांधून दिलेली गच्चीच होय.

आता गरजेचा हिशेब पाहू. मंत्रमेजाभोवती (अवजारांवर जादुई गुण चढवण्याच्या मेजाभोवती) 15 पुस्तकांची कपाटे लागतात. एका कपाटाला 3 पुस्तके आणि एका पुस्तकाला 1 चामडे, म्हणजे एकूण 45 चामडी झाली. गाईपासून 0 ते 2 चामडी मिळतात, सरासरी एक धरू. बारा गाई असल्या तर एका फेरीत 12 गहू खर्चून 6 वासरे होतात. म्हणजे आठ फेऱ्या आणि 96 गहू एवढ्यात काम भागते. दोन फेऱ्यांमध्ये 5 मिनिटांचा खंड आणि वासरू मोठे व्हायला 20 मिनिटे धरली, तरी एका बैठकीत हे उरकते. यात छपराने नेमकी कोणती भर घातली, ते मला दिसत नाही.

लोकर न येण्याचे कारणही छप्परच असणार. सावलीत गवत कुठून उगवणार?

रात्रपाळी

मला तर गोठा आणि कुंपण हे दोन्ही पक्ष उधळपट्टीचे वाटतात. एक ठोकळा लांब, एक ठोकळा रुंद असा खड्डा खणावा, त्यात दोन गाई उतरवाव्यात आणि वरून गहू देत राहावे. एका ठोकळ्यात 24 पर्यंत प्राणी दाटीने राहू शकतात. त्याहून अधिक झाले की ते गुदमरून मरू लागतात, त्यामुळे संख्येवर लक्ष ठेवले म्हणजे झाले. ज्यांना देखावा हवा त्यांनी क्रिएटिव्ह पद्धतीत, म्हणजे सगळे सामान आयते मिळते तिथे, खेळावे.

कडबापेंढी

रात्रपाळी, तुमचा खड्डा नियमात बसतो, पण त्यात डोकावून पाहिल्यावर जे दिसते ते मला पाहवत नाही, आणि खेळ मी पाहण्यासाठीच खेळते. याला तुम्ही हळवेपणा म्हणालात तरी माझी हरकत नाही.

माळरान यांचा आक्षेप अधिक वजनाचा आहे, पण त्यातला गच्चीचा मुद्दा माझ्या गोठ्याला लागू होत नाही. सरळ ठेवलेल्या पायऱ्यांवर किंवा खालच्या अर्ध्या स्लॅबवर शत्रू जीव जन्म घेत नाहीत, आणि माझे छप्पर पायऱ्यांचेच आहे. अर्थात आढ्यावर मी अखंड ठोकळ्यांची एक ओळ टाकली आहे, ती तेवढी बदलावी लागेल. चामड्याचा हिशेब बिनचूक आहे. फक्त तो एकट्या खेळाडूचा आहे. सात जणांच्या सर्व्हरवर कोण कधी आले, कोणी फाटक उघडे टाकले, कोणी शेवटच्या दोन गाईही मारून टाकल्या, याचा काही नेम नसतो. चामड्याची 45 ही संख्या गाठली म्हणून तिथे गाईंची गरज संपत नाही, कारण आठवड्यानंतर दुसऱ्या कोणाला मेज मांडायचे असते.

गव्हाण

मी ही चर्चा थोड्या वेगळ्या कारणाने वाचत होतो, कारण आमच्या घरी खरोखरीचा गोठा आहे. त्याआधी लोकरीचा उलगडा करतो. दोष छपराचाही नाही आणि अंधाराचाही नाही. दोष ओकच्या फळ्यांचा आहे. मेंढी पायाखालच्या गवताच्या ठोकळ्यावर चरते, तेव्हाच तिला नवी लोकर येते आणि त्या ठोकळ्याची माती होते. शेजारी हिरवा ठोकळा असेल तर त्या मातीवर पुन्हा गवत पसरते. फळ्यांवर ती काय चरणार? गवत पसरण्यासाठी त्या हिरव्या ठोकळ्याच्या वर किमान 9 एवढा प्रकाश लागतो, पण तो सूर्याचाच हवा असे नाही. टॉर्चपाशी प्रकाश 14 असतो आणि ठोकळ्यागणिक एकेक कमी होत जातो, म्हणजे टॉर्चपासून पाच ठोकळ्यांपर्यंत छपराखालीही गवत पसरते. तेव्हा माळरान, सावलीचा मुद्दा आपल्याला मागे घ्यावा लागेल.

राहिला मूळ वाद. आमच्याकडे पूर्वी दावणीला बांधलेली जनावरे होती. एका रांगेत गव्हाण, मागे शेणाची मोरी आणि वर पत्रे. आता पुष्कळ दूध उत्पादकांनी मुक्त संचार गोठा केला आहे, आम्हीही केला. त्यात चहूबाजूंनी कुंपण असते, जनावरे मोकळी फिरतात, आणि छप्पर केवळ गव्हाणीवर व सावलीसाठी बसण्याच्या जागेवर असते. खेळातही मी तेच करतो. डुकरे आणि कोंबड्या छपराखाली ठेवतो, गाई-मेंढ्या उघड्यावर. कोंबड्यांचे कारण असे की खेळातले आमचे ठाणे तैगात (थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात) आहे आणि तिथला कोल्हा झेप घेऊन कुंपण ओलांडतो. कोल्हे नसलेल्या प्रदेशात कोंबड्याही बाहेर चालतील.

उघडे_माळरान

सावलीचा मुद्दा मागे घेतला. तो मी न तपासता लिहिला होता.

डुकरांसाठी मात्र अख्खे छप्पर कशाला? तांब्याच्या 3 विटांत वीजवाहक सळई होते, आणि जावा आवृत्तीत ती 128 ठोकळ्यांच्या परिघातल्या विजा स्वतःकडे ओढून घेते. एका सळईत डुकरेही वाचली आणि घरही वाचले.

रात्रपाळी

ती सळई डुकरांच्या आवाराला लागून रोवू नका, एवढेच सांगतो. आमच्यापैकी एकाने ती थेट कुंपणाच्या खांबावरच बसवली होती. वीज इमानाने सळईवर आली आणि शेजारची तिन्ही डुकरे पिगलिन झाली.

कडबापेंढी

गव्हाण, मनापासून आभार. इतके दिवस मी टॉर्च वाढवत होते आणि मेंढ्या उघड्याच्या उघड्या होत्या. फळ्यांकडे लक्षच गेले नाही. आपली मुक्त संचाराची कल्पना मला मेंढ्यांपुरती पटते. दक्षिणेकडची भिंत काढून त्या बाजूला कुंपणाचे आवार जोडता येईल. कुंपणावर एका जागी गालिचा अंथरला तर आपल्याला उडी मारून आत जाता येते आणि जनावरांना बाहेर येता येत नाही, त्यामुळे तिथे फाटकच ठेवणार नाही. फाटक नसले म्हणजे ते उघडे राहण्याचा प्रश्नही येत नाही.

गाईंच्या बाबतीत मी ऐकणार नाही. सळईने वीज अडेल, पण क्रीपर अडणार नाही, आणि मधली वाटही मिळणार नाही. शिवाय मार्च 2025 मधल्या 1.21.5 आवृत्तीपासून थंड आणि उष्ण प्रदेशांतल्या गाई वेगळ्या दिसू लागल्या आहेत. बर्फाळ मुलुखातून दोरीला बांधून, होडीत बसवून आणलेली केसाळ गाय मी एखाद्या क्रीपरच्या भरवशावर उघड्यावर सोडावी, हे शक्य नाही.

उघडे_माळरान

क्रीपर खेळाडूच्या मागे येतो, गाईच्या नाही. आपण रात्री आवारात गेलाच नाहीत, तर तो तिथे फुटणारही नाही. लोकर दिवसा कातरावी आणि रात्री झोपावे, हा उपाय फुकटचा आहे.

कडबापेंढी

सात जणांपैकी एक जण जरी जागा असला तरी, नियम बदललेला नसेल तर, आमच्याकडे रात्र सरत नाही. आणि आमच्यातले दोघे तर अमेरिकेतून खेळतात. त्यांची सकाळ ती आमची संध्याकाळ. अशा वेळी सगळ्यांनी एकाच क्षणी झोपावे, ही अपेक्षा कागदावरच राहते.

शनिवारी मेंढ्यांच्या कप्प्यातल्या फळ्या उखडणार आहे. साधारण 60 ठोकळे माती लागेल, आणि सिल्क टच (ठोकळा जसाच्या तसा उचलू देणारा जादुई गुण) असलेले फावडे कोणाकडे असेल तर दोन-चार गवताचे ठोकळेही हवेत, म्हणजे तिथून गवत पसरेल.

उघडे_माळरान

माझ्या जगातून आपल्या सर्व्हरवर माती आणता आली असती, तर गाडीभर दिली असती. गवताचे ठोकळे आणण्याचे कष्टही नकोत; भिंत काढल्यावर बाहेरच्या गवताला माती सलग भिडवून ठेवा, ते आपोआप आत येईल. छपराला माझा विरोध आहे तो आहेच.