काट्याची पावती टोळीच्या हातात का येत नाही?

मांजरीची पूर्वा:
नमस्कार. मांजरीहून थेऊरकडे जाताना रस्त्याकडेला दिवाळीपासून ऊसतोड मजुरांच्या पंचवीसेक कोप्या (झोपड्या) पडल्यात. मी आणि दोन मैत्रिणी रविवारी तिथल्या पोरांना शिकवायला जातो. परवा वजाबाकी घेत होते. एका मुलाची आई डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा घेऊन मागे उभी होती. म्हणाली, "म्याडम, ह्या वजाबाकीनं आमची उचल फिटंल का?" उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती हसली, मीही हसले. मग तिने विचारलं, आम्ही तोडलेला ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो, त्याची पावती निघते, ती आमच्यापर्यंत का येत नाही? आमच्यापुढं नुसती मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराची, वही येते. मला उत्तर देता येईना.

बाई पंचविशीतल्या असतील. टोळीतल्या बायकांना गोळा करून विचारायचं त्यांच्या मनात आहे. मी भरीस घालावं आणि त्रास त्यांना व्हावा, याची भीती वाटते. उसाच्या फडातून मजुरांच्या संघटनेत आलेलं इथे कोणी आहे का? सुरुवात कशी केलीत?

जुना हवेलीकर:
मुलांना शिकवा, छान काम आहे. बाकीच्या भानगडीत पडू नका. तुम्ही आठवड्यातून एकदा जाता, मुकादम रोज तिथेच असतो.

नात टाईप करते:
आम्ही हडपसरला राहतो. प्रश्न आजीला वाचून दाखवला. ती सांगतेय तसं लिहिते, शिव्या तेवढ्या गाळल्यात.

पोरी, मी शिरूर कासार तालुक्यातली. जमीन नव्हती. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची, तिच्या मागं मी, अर्ध्या रोजावर. पंधराव्या वर्षी लग्न झालं, ते पण गेटकेन. पुण्यातल्या लोकांना हे सांगावं लागंल. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल पण अर्धी. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून सीझनच्या तोंडावर घाईघाईत उरकलेलं लग्न ते गेटकेन. दसरा झाला की आम्ही ट्रकात.

पहाटे चारला फडात. तो तोडायचा, मी पण तोडायची, वर पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या. गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठायचं. सातव्या महिन्यात पण फळी चढलेय. एवढं करून वहीत नाव नवऱ्याचं. एकोणीस सीझन केले, एका कागदावर माझं नाव नव्हतं. (इथे ती थांबली आणि चहा मागितला.)

मला लिहिता येत नव्हतं. खुरपणीचे रोज मोजायला आई पदराला गाठी मारायची, तेच माझ्या डोक्यात. मी कोपीत सुतळी टांगली. टोळीची गाडी भरून गेली की एक गाठ. भांडायचं म्हणून नाही हं, सवय म्हणून. त्या साली सासू वारली, आम्ही नऊ दिवस गावाकडं गेलो. पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, हिशेबाला बसलो. मुकादम म्हणला, खेपा १०४. नऊ दिवसांचा खाडा कापला आणि वर तुमच्याकडंच अकरा हजार निघतात, पुढच्या साली या. मी सुतळी आणली. गाठी ११८. आणि आम्ही नव्हतो त्या नऊ दिवसांच्या खेपा त्यात नव्हत्याच!

सगळे हसले. माझा नवरा पण हसला. पण रात्री टोळीतल्या दोघी कोपीवर आल्या, म्हणल्या, परत दाखव ती सुतळी. माझी संघटना तिथनं.

आता चूक ऐक. दुसऱ्या दिवशी मी एकटीच उठून मुकादमाच्या अंगावर गेले. पुढची दोन वर्षं आम्हाला कुणी उचल दिली नाही. परत खुरपणीचा रोज, आणि पोराची शाळा सुटली. ते पोर अजून बोलून दाखवतं.

मग मोर्चाबरोबर पुण्याला आलो. एका हापिसात साहेबानं सुतळी हातात घेऊन उलटीपालटी केली, म्हणला, मावशी, हा पुरावा होत नाही. मग पुरावा काय? काट्याची पावती. ती शेतकऱ्याच्या नावानं निघते, कारखान्याकडं राहते, गाडीवाल्याकडं राहते. पैसे कारखान्याकडनं वाहतूकवाल्याला, त्याच्याकडनं मुकादमाला, आणि मुकादमाच्या वहीतनं आम्हाला. तुझ्या बाईला हे सांग, तिचा सवाल बरोबर आहे.

जानेवारी २०२४ ला तुमच्या मांजरीतच, वसंतदादा इन्स्टिट्यूटमध्ये, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. चांगलं झालं. पण दर टनावर असतो. टन कुणी मोजले? दराची बातमी पेपरात येते, टनाची वहीतच राहते.

आता काय करायचं ते. आधी मुकादमाकडं जायचं नाही, ड्रायव्हरला गाठायचं. काट्यावरनं येताना पावती त्याच्या खिशात असते. बऱ्याचदा तो पण त्यांच्याच भागातला असतो, चहा पाजला की दाखवतो. तारीख, गाडी नंबर, निव्वळ वजन, एवढं दिसलं पाहिजे. फोटो रोज वेगळ्या बाईनं काढायचा, एकीनंच नाही. आणि तू काढायचा नाहीस. तू गेल्यावर त्यांनाच तिथं राहायचंय. हिशेब पट्टा पडायच्या आधी महिनाभर मागायचा, ऊस उभा असतो तोवर त्यांना टोळीची गरज असते.

(माझी भर: उचल फिटली नाही म्हणून कुणाला अडवून ठेवलं, तर तो १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा आहे. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. आजी म्हणते, हे लिही, पण आधी पोरंबाळं सुखरूप बाहेर काढा मग कायदा.)

गुलटेकडीचा गाळा:
आजींना नमस्कार. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते, हमाल पंचायतीचे सभासद. त्यांच्याकडेही आधी तोंडी हिशेबच होता. १९६९ चा माथाडी (ओझी वाहणाऱ्या कामगारांचा) कायदा आल्यावर मालकाने मजुरी माथाडी मंडळात भरायची आणि मंडळाने ती हमालाच्या नावावर द्यायची, अशी सोय झाली. आजींच्या गोष्टीत नेमकी हीच जागा रिकामी दिसते. ऊसतोडीसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाने कल्याण महामंडळ झालं, पण मजुरी अजून मुकादमाच्या हातूनच जाते. माथाडीसुद्धा आपोआप मिळालं नाही म्हणा. वडील त्या मोर्च्यांबद्दल बोलायला लागले की जेवण गार व्हायचं.

मांजरीची पूर्वा:
आजी, खूप आभार. फोटो मीच काढणार होते, बरं झालं विचारलं. तुम्ही आता कुठल्या पदावर आहात?

नात टाईप करते:
हसतेय. म्हणते, पद कसलं, संघटनेत आल्यावरही सात सीझन फडातच होते, उचल फिटल्याशिवाय कोण सोडतंय. आता दसऱ्याच्या आधी गावी जाते आणि बायकांना सांगते, अंगठा द्यायच्या आधी वहीत तुमचं नाव लिहून घ्या.

ती विचारतेय, त्या बाईचं नाव वहीत आहे का, की नवऱ्याचंच? आणि रविवारी अकराच्या आत जा म्हणाली. नंतर बायका पाणी भरायला जातात.