चीजचे गरम डिप पाहुणे येईपर्यंत घट्ट होऊ नये यासाठी काय करावे?

जुळे_सोलापूर यांचा प्रश्न

नमस्कार. संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी आमच्या घरी दरवर्षी पाहुण्यांचा राबता असतो. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून कोणी सातला परततो, कोणी मुलांना घेऊन गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळण्यात बसून साडेआठला येतो, आणि सगळे एकत्र जेवायला बसेपर्यंत गप्पांबरोबर काही ना काही खाणे चालूच राहते. या वेळी भजी आणि चिवड्याऐवजी ओव्हनमध्ये भाजलेले, पालक-मक्याचे चीज डिप करावे असा मुलांचा आग्रह आहे. मलाही तो पटला आहे, कारण एका भांड्याभोवती बसून सगळ्यांनी मिळून खाण्याची मौज त्यात आहे.

अडचण अशी आहे की मी आजवर जिथे जिथे हे डिप खाल्ले, तिथे पहिली दहा मिनिटे ते अप्रतिम लागले आणि नंतर त्यावर तेलाचा तवंग आला, खालचा भाग घट्ट होऊन त्यात चमचाही रुतेना. आमच्याकडे पाहुणे टप्प्याटप्प्याने येणार असल्याने निदान दीड तास तरी ते खाण्याजोगे राहिले पाहिजे. परदेशी पाककृतींमध्ये क्रीम चीज, सावर क्रीम आणि आर्टिचोक लिहिलेले असते. त्यांच्यासाठी वणवण करण्याऐवजी आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या जिन्नसांतून हा पदार्थ जमावा अशी इच्छा आहे. घरात लहान ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. बारा-पंधरा माणसे असतील आणि त्यांतील दोघे कांदा-लसूण खात नाहीत. बुडवून खाण्यासाठी चिप्सऐवजी आपली कडक भाकरी चालेल का, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

मंद_आच यांचे उत्तर

आपण विचारलेला पदार्थ मी घरगुती समारंभांसाठी नेहमी करते, म्हणून सविस्तर लिहिते. सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती ही की हे डिप चीजचे असले तरी त्याचा आधार चीज नसून व्हाइट सॉस आहे. नुसते चीज किसून भाजले तर ते भट्टीतून काढताच घट्ट होऊ लागणार, मग भांडे कितीही सुंदर असो. मैद्याच्या सॉसमध्ये चीज विरघळवले तर ते निवतानाही मऊ राहते आणि पुन्हा गरम करता येते.

बारा-पंधरा माणसांच्या किरकोळ खाण्यासाठी पाव किलो पालक, एक वाटी मक्याचे उकडलेले दाणे, दोन मोठे चमचे लोणी, दोन मोठे चमचे मैदा, दीड कप दूध, दीडशे ग्रॅम प्रोसेस्ड चीज, शंभर ग्रॅम मोझरेला आणि शंभर ग्रॅम चक्का पुरेसा होतो. क्रीम चीजची आंबटसर चव आणि दाटपणा चक्क्यातून चांगला येतो. चक्का गोड नसावा आणि फार आंबटही नसावा. श्रीखंडासाठी आपण जसा ताजा चक्का आणतो, तसाच आणावा.

पालक निवडून उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर बुडवावा, लगेच गार पाण्यात टाकावा आणि मग दोन्ही तळहातांमध्ये घट्ट दाबून पिळावा. या पिळण्यावर सगळे अवलंबून आहे. एवढा मोठा जुडगा पिळून झाल्यावर मुठीत मावेल इतकाच गोळा उरला पाहिजे. पाणी राहिले तर ते भट्टीत सुटते, डिपच्या कडेने हिरवट पाणी दिसू लागते आणि चीज त्यापासून वेगळे होते. पिळलेला पालक बारीक चिरून बाजूला ठेवावा.

लोणी मंद आचेवर वितळवून त्यात मैदा दोन मिनिटे परतावा. त्याचा कच्चा वास जावा, पण रंग बदलू देऊ नये. नंतर कोमट दूध थोडे थोडे घालत गुठळ्या मोडत ढवळावे. सॉस उकळून चमच्याच्या पाठीवर थर धरू लागला की आच बंद करावी, आणि आच बंद केल्यावरच किसलेले प्रोसेस्ड चीज घालावे. चीज उकळत्या सॉसमध्ये घालू नये. ते विरघळल्यानंतर घुसळून मऊ केलेला चक्का, पालक, मका, ताजी मिरपूड आणि किंचित जायफळ घालावे. मीठ शेवटी चाखून मगच घालावे, कारण बहुतेक वेळा चीजमधले मीठ पुरते. लसूण हवा असल्यास लोण्यात परतावा. आपल्या दोन पाहुण्यांसाठी लसणाऐवजी जिरे आणि ठेचलेली हिरवी मिरची घालून एक वेगळे छोटे भांडे आधीच काढून ठेवावे.

मोझरेला आत मिसळू नये, फक्त वरून पसरावे. तार येण्यासाठी तेवढे पुरते, आणि निवल्यावर रबरासारखे होणारे चीज हेच असल्याने त्याचा थर जितका पातळ तितके बरे. ओटीजी १८० अंशांवर दहा मिनिटे तापवून घ्यावा, डिप पंधरा ते वीस मिनिटे भाजावे, आणि कडेने बुडबुडे येऊ लागले की शेवटची दोन-तीन मिनिटे फक्त वरचा रॉड चालू ठेवून तांबूस डाग पाडून घ्यावेत.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळते. एका मोठ्या भांड्यात सगळे भाजू नये. जाड मातीची किंवा चिनी मातीची तीन-चार लहान भांडी घ्यावीत, ती भरून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि पाहुण्यांची एकेक तुकडी आली की एकेक भाजावे. फ्रिजमधून काढलेले भांडे आधी अर्धा तास बाहेर ठेवावे, नाहीतर तडा जाण्याचा धोका असतो आणि मधला भागही थंड राहतो. पाहुणे वेळी-अवेळी येणार आहेत, हीच आपली सोय समजा. प्रत्येकाला भट्टीतून नुकतेच निघालेले डिप मिळेल.

दुग्धतंत्र यांचे उत्तर

मंद_आच यांनी जे सांगितले, त्यामागचे कारण थोडे स्पष्ट करतो, म्हणजे प्रमाणात बदल करताना कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे आपल्याला ठरवता येईल.

चीज म्हणजे दुधातल्या केसीन या प्रथिनाचे जाळे असून त्यात स्निग्धांश आणि पाणी अडकलेले असते, आणि हे जाळे बांधून ठेवण्याचे काम मुख्यतः कॅल्शियम करते. मध्यम उष्णतेने स्निग्धांश वितळतो आणि जाळे सैल होऊन चीज वाहू लागते. उष्णता वाढत गेली किंवा फार वेळ मिळाली, तर प्रथिने आकसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि आतला स्निग्धांश बाहेर ढकलतात. आपण पाहिलेला तवंग तो हाच. सॉसमधला मैद्याचा स्टार्च या प्रथिनांच्या मध्ये येऊन त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाही, आणि वितळलेले तूपही धरून ठेवतो. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, त्याचे कारणही हेच आहे, आणि म्हणूनच चक्का मैद्याच्या सॉसमध्ये गेला की भट्टीतही फाटत नाही. नुसता चक्का चीजबरोबर भाजला तर मात्र तो हमखास फाटेल.

प्रोसेस्ड चीजकडे अनेक हौशी मंडळी नाक मुरडतात. या पदार्थापुरते मला ते मुळीच मान्य नाही. स्वित्झर्लंडमधील थून या गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ मध्ये चीजमध्ये सोडियम सायट्रेट मिसळून ते न फुटता वितळेल असे केले, आणि प्रोसेस्ड चीजचा पाया तिथे घातला गेला. हे सायट्रेट कॅल्शियमला स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे प्रथिने सैल होतात आणि पाणी व स्निग्धांश या दोघांनाही धरून ठेवतात. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या प्रोसेस्ड चीजच्या वडीत याच जातीचे क्षार असतात, म्हणून ते सॉसमध्ये मिसळले की सगळे मिश्रण गुळगुळीत राहते. दीडशे ग्रॅमऐवजी सगळेच मुरलेले चेडार घातले तर चव उत्तम येईल, पण तवंग येण्याची शक्यता फार वाढेल. चेडारची चव हवीच असेल तर एकूण चीजच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये.

काही जण खर्च वाचवण्यासाठी चीजच्या जागी पनीर किसून घालतात. पनीर आम्लाने फाडलेल्या तापल्या दुधाचे असल्याने ते कितीही तापवले तरी वितळत नाही, आणि डिप रवाळ होते.

मंगळवेढ्याची_ज्वारी यांचे उत्तर

कडक भाकरी चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या डिपसाठी तिच्याइतके योग्य दुसरे काही नाही. चिप्समध्ये तेल आणि मीठ दोन्ही असते, आणि चीजमध्येही ते असल्याने चार घासांत तोंड जड होते. ज्वारीची कडक भाकरी बिनतेलाची, भाजल्या धान्याच्या वासाची आणि किंचित गोडसर असते, त्यामुळे चीजचा खारटपणा तिच्याबरोबर बेताचा लागतो.

मात्र ती हाताळण्याची रीत आहे. भाकरीचे तीन बोटे रुंदीचे तुकडे आधीच करून ठेवावेत. ज्या तुकड्याचा पापुद्रा सुटलेला असेल तो बुडवताच मोडतो आणि अर्धा डिपमध्ये राहतो. असे तुकडे वेगळे काढून त्यांचा जाडसर चुरा करावा, त्यात चमचाभर वितळलेले लोणी आणि दोन चमचे शेंगा चटणी कालवावी आणि मोझरेलावर भट्टीत जाण्यापूर्वी भुरभुरावी. ब्रेडच्या चुऱ्यापेक्षा हा थर कितीतरी खमंग होतो. शेंगा चटणीत लसूण असतो हे ध्यानात ठेवून आपल्या त्या दोन पाहुण्यांच्या भांड्यासाठी भाजलेले दाणे, तिखट आणि जिरे एवढेच कुटून घ्यावे. भोगीच्या दिवशीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी उरली असेल तर तीही मंद तव्यावर दाबून कडक करून घ्यावी. तिची चव पालकाबरोबर फार जुळते. भाकरी पावापेक्षा ठिसूळ असल्यामुळे डिप थोडे सैल ठेवावे, चमच्यातून सावकाश ओघळेल इतके.

आणखी एक सुचवतो. यात्रेचे दिवस हुरड्याचेही दिवस आहेत. मक्याच्या दाण्यांपैकी निम्मे कमी करून त्याजागी भाजलेला कोवळा हुरडा घालून पाहावा. हुरडा सॉस शिजताना घालू नये, भांड्यात भरण्यापूर्वी शेवटी मिसळावा, म्हणजे दाणा दाताखाली कोवळाच राहतो आणि गोवऱ्यांवर भाजल्याचा वासही टिकतो. आम्ही शेतावर हुरड्याच्या वेळी ओव्हनशिवायही हे डिप करतो. आगटीतली, म्हणजे हुरडा भाजण्याच्या खड्ड्यातली, राख बाजूला सारून तिथे मातीचे जाड भांडे ठेवायचे, त्यावर खोलगट लोखंडी तवा झाकायचा आणि तव्यावर चार निखारे ठेवायचे. खालून मंद आणि वरून तेज अशी आच मिळाल्याने वरचा थर छान तांबूस होतो, आणि कणसे भाजून, चोळून होईपर्यंत भांडे आगटीच्या कडेला गरम राहते.

जुळे_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हुरड्याची कल्पना घरात सर्वांना आवडली आहे. दोन गोष्टी आणखी विचारतो. ऐन संध्याकाळी वीज गेली तर काय करावे, आणि टेबलावर ठेवलेले भांडे अर्धे संपले असताना निवले तर ते पुन्हा गरम करावे की नाही?

मंद_आच

वीज गेल्यास जाड बुडाची मोठी कढई घ्यावी, तळाला वाटीभर जाडे मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवावा आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी. घरोघरी नानकटाई अशीच होते. त्यात डिपचे भांडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवावे. वरून तांबूस रंग येणार नाही, म्हणून भाकरीचा चुरा आधी तव्यावर परतून मगच पसरावा. टेबलावर डिपचे भांडे थेट न ठेवता खोलगट ताटात कडकडीत पाणी घालून त्यात ठेवावे आणि पाणी निवले की बदलावे. एवढ्याने बराच वेळ निभावतो.

दुग्धतंत्र

निवलेले डिप पुन्हा गरम करता येते. वरचा चुरा चमच्याने बाजूला काढावा, दोन चमचे दूध घालून हलक्या हाताने ढवळावे आणि मंद आचेवर किंवा मायक्रोवेव्ह कमी शक्तीवर ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने ढवळत गरम करावे. पूर्ण शक्तीवर एकदम तापवले तर स्टार्च असूनही तवंग येऊ शकतो.

वेळेचे बंधन मात्र पाळावे. दुधाचा पदार्थ ६० अंशांच्या खाली आला की त्यात जंतूंची वाढ सुरू होऊ शकते, म्हणून दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेले डिप पुन्हा गरम करून वाढू नये. जानेवारीच्या संध्याकाळी दोन तास ठीक आहेत. हाच बेत आपण एप्रिल-मेमध्ये, सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, बाहेर गच्चीवर केला, तर ती मर्यादा एक तासावर आणावी आणि भांडी आणखी लहान घ्यावीत.