दीर्घायुषी वन्य प्राणी आणि कर्करोग: हत्ती-देवमासे बचावतात कसे?

जिज्ञासू
कर्करोगाची सुरुवात पेशीविभाजनात साचत जाणाऱ्या चुकांमधून होते, हे मान्य केले तर ज्या प्राण्याच्या शरीरात पेशी अधिक आणि ज्याचे आयुष्य मोठे, त्याला हा रोग अधिक व्हायला हवा. प्रत्यक्षात हत्ती साठ-सत्तर वर्षे जगतो, बोहेड देवमासा दोनशे वर्षांपलीकडे जातो, आणि दोन-तीन वर्षांचे आयुष्य असलेल्या उंदराला मात्र गाठी सर्रास होतात. हे मोठे प्राणी खरोखर कर्करोगमुक्त आहेत, की रानात आजारी प्राणी आधीच शिकार होतो म्हणून आपल्याला तसे भासते? शिवाय हत्तीमध्ये पी५३ या जनुकाच्या अनेक प्रती असतात असे वाचले. मग माणसाला एखादी जादा प्रत दिली तर भागणार नाही का?

रानवाट
आपली शंका जुनी आणि रास्त आहे. रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्ये हीच विसंगती मांडली, म्हणून तिला ‘पेटोचा विरोधाभास’ म्हणतात. रानातील मृत्यूंवरून काही ठरवणे खरोखरच अवघड असते. त्यामुळे अभ्यासक प्राणिसंग्रहालयांतील शवविच्छेदनाच्या नोंदींकडे वळले, कारण तेथे शिकारी आणि उपासमार नसल्याने प्राणी म्हातारे होईपर्यंत जगतात. २०२२ मध्ये सस्तन प्राण्यांच्या १९१ जातींतील १,१०,१४८ प्राण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा शरीराचे वजन आणि कर्करोगाने होणारे मृत्यू यांचा संबंध आढळला नाही. मांसाहारी गणातील प्राण्यांत प्रमाण जास्त आणि समखुरी (हरिण, गाय यांसारख्या) प्राण्यांत सर्वांत कमी दिसले. २०२५ मधील काही विश्लेषणांत मात्र आकाराबरोबर प्रमाण वाढत असल्याचे दिसले, तेव्हा हा वाद मिटलेला नाही.

‘कर्करोगमुक्त’ हा शब्द मात्र मी टाळेन. नेकेड मोल रॅट या जमिनीखाली राहणाऱ्या, तीस वर्षांहून अधिक जगणाऱ्या कृंतकाला (उंदीरवर्गीय प्राण्याला) कर्करोग होतच नाही असे वर्षानुवर्षे छापले गेले. २०१६ मध्ये प्राणिसंग्रहालयातील अशा प्राण्यांत गाठी आढळल्याची नोंद झाली. रोग दुर्मीळ असणे वेगळे आणि नसणे वेगळे.

पेशीपुराण
पी५३ विषयी सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत तेथे आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीतील डीएनएला इजा झाली की विभाजन थांबवते, दुरुस्तीला वाव देते आणि इजा मोठी असेल तर पेशीला आत्मनाशाकडे ढकलते. माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यांतील एक जन्मतःच बिघडलेली असेल तर ली-फ्रॉमेनी सिंड्रोम होतो आणि तरुणपणीच कर्करोगाचा धोका फार वाढतो. आफ्रिकी हत्तीच्या जनुकसंचात मूळ जनुकाखेरीज त्याच्या १९ जादा नकला सापडल्या, असे २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. त्या सगळ्या पूर्ण प्रथिन बनवत नाहीत. पण किरणोत्साराचा मारा केल्यावर हत्तीच्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा अधिक प्रमाणात आत्मनाश पत्करतात. सदोष पेशी सांभाळण्यापेक्षा ती टाकून देणे, हे हत्तीचे धोरण दिसते.

आता जादा प्रतीचा प्रश्न. २००२ मध्ये उंदरांवरील दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात पी५३ सतत जास्त सक्रिय राहील असा बदल झाला होता. त्या उंदरांना गाठी कमी झाल्या, पण हाडे ठिसूळ होणे, अवयव आक्रसणे अशी वार्धक्याची लक्षणे लवकर आली आणि ते लवकर मेले. दुसऱ्या प्रयोगात जनुकाची जादा प्रत तिच्या नैसर्गिक नियंत्रक भागासह दिली होती. ते उंदीर कर्करोगाला अधिक पुरून उरले आणि म्हातारेही नेहमीच्याच वेगाने झाले. म्हणजे प्रती किती, यापेक्षा त्या केव्हा चालू होतात आणि केव्हा गप्प बसतात, याला अधिक महत्त्व आहे. मूळपेशीही याच तडाख्यात मरू लागल्या, तर ऊतींची झीज भरून काढणार कोण?

बोहेड देवमाशाने तर वेगळाच मार्ग धरला आहे. त्याच्या पेशी प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींपेक्षा कमी उत्परिवर्तनांत (डीएनएतील बदलांत) कर्करोगी होतात, असे २०२५ मध्ये दिसून आले. हे वाचून मी चकित झालो. पण डीएनएचे दोन्ही धागे तुटले तरी त्या पेशी ते अधिक अचूकपणे जोडतात, त्यामुळे मुळात उत्परिवर्तनेच कमी साचतात. या कामात सीआयआरबीपी नावाचे प्रथिन मदत करते आणि ते या देवमाशात विपुल असते.

जिज्ञासू
आभारी आहे. मग अशी दुरुस्ती उंदरात का विकसित झाली नाही?

रानवाट
कारण दुरुस्तीला ऊर्जा लागते, आणि रानातला उंदीर बहुधा वर्षभरातच कोणाच्या तरी तोंडी जातो. त्याला पाचव्या वर्षी होणाऱ्या रोगाविरुद्ध तजवीज करून नैसर्गिक निवडीच्या हिशेबात काही मिळत नाही. ज्याचा अकाली मृत्यू टळतो, त्याच्यात ही तजवीज टिकते. जेमतेम सात ग्रॅम वजनाचे ब्रांट्सचे वटवाघूळ सायबेरियात निदान ४१ वर्षे जगल्याची नोंद आहे, कारण उडता येते आणि हिवाळा गुहेत निद्रेत जातो.

पेशीपुराण
यात एक भर. २०२२ मध्ये १६ सस्तन जातींच्या आतड्यातील पेशी तपासल्या, तेव्हा उंदरात वर्षाला सुमारे ८०० आणि माणसात सुमारे ४७ उत्परिवर्तने साचताना दिसली. आयुष्याच्या अखेरीस होणारी एकूण बेरीज मात्र सर्व जातींत बरीचशी सारखी निघाली. म्हणजे हा वेग आयुर्मानाशी जुळतो, आकाराशी नव्हे. जिराफ आणि नेकेड मोल रॅट यांच्या वजनात हजारो पटींचा फरक असूनही त्यांचा वेग जवळजवळ सारखा, वर्षाला शंभराच्या आतबाहेर, आढळला. उत्परिवर्तनांचा वेग तेवढाच आणि पेशी मात्र हजारो पटींनी अधिक, असे असताना जिराफ निभावून नेतो. तेव्हा त्याच्याकडे आणखी एखादी संरक्षक यंत्रणा असली पाहिजे, आणि ती हत्तीसारखीच असेल असे गृहीत धरायला आधार नाही.